घाटाचा चढ आणि सायकलीचे दात

आमच्या धरमतर खाडीच्या काठी भूमी सपाट आहे. एका अंगास अंबा नदीचे रुंद पात्र, दुसऱ्या अंगास खारेपाटातील भाताची शेते व मिठागरे, आणि मधून वडखळाहून पोयनाडाकडे जाणारा रस्ता. ह्या रस्त्याने शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यास खाडीवरील पुलाच्या चढाखेरीज फारसा चढ ठाऊक नसतो. त्यामुळे सायकल विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे मुलगा तिचा रंग पाहतो, हँडलाचा बाक पाहतो व गिअर किती ते मोजतो. पालक किंमत पाहतात. परंतु ही सायकल चढावर कशी चालेल, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, किंबहुना तो सर्वांत आधी विचारला पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि ते का आहे हे विद्यार्थी व पालक या उभयतांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सपाट भूमीवर राहणारा मनुष्य सपाट भूमीवरच राहतो असे नाही. धरमतराहून अलिबागेस जावयाचे तर कार्ले खिंड ओलांडावी लागते. नागोठण्याहून रोह्यास जाताना भिसे खिंड आडवी येते, आणि कोलाडाकडे वळल्यास सुकेळी खिंड. पेणेहून पनवेलीस निघालेल्याची गाठ कर्नाळ्याच्या खिंडीशी पडते. पेणेहून खोपोलीपर्यंत जाऊन मान वर केली म्हणजे समोर बोरघाट उभा असतो. आणखी हौस असल्यास पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट आहे. तेथे सुमारे ४० किलोमीटरांच्या वाटेत समुद्रसपाटीच्या जवळून साडेचार हजार फुटांच्या आसपास चढून जावे लागते. सारांश, कोकणातील सायकलस्वाराने घर सोडून दोन तास प्रवास केला की सह्याद्री अथवा त्याची एखादी सोंड त्याची परीक्षा घेतेच. आणि जो खाडीकाठ सोडीतच नाही, त्यासही पावसाळ्याच्या तोंडी नैर्ऋत्येकडून येणारा वारा समोरून भेटतो. तोही एक चढच होय. मात्र तो डोळ्यांस दिसत नाही.

आता चढावर काय घडते ते पाहू. सायकलीस पायडलाजवळ एक मोठे दातेरी चक्र असते व मागच्या चाकास एक लहान. पुढच्या चक्राच्या दातांस मागच्या चक्राच्या दातांनी भागिले असता, पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते ते समजते. आणि त्या संख्येस चाकाच्या परिघाने गुणिले म्हणजे एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते समजते. यास आपण ‘फेरीचा पल्ला’ म्हणू. उदाहरणार्थ, आपल्याकडील साध्या काळ्या सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दात असले आणि चाकाचा परिघ २.२ मीटर असला, तर फेरीचा पल्ला सुमारे ५.४ मीटर होतो. सपाट रस्त्यावर हा पल्ला अगदी योग्य आहे. परंतु चढावर?

समजा, ६० किलो वजनाचा मुलगा १५ किलोंची सायकल घेऊन, दर १०० मीटरांस ८ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर निघाला. स्वार व सायकल मिळून ७५ किलो झाले. त्यांस ह्या उतारावर मागे ओढणारा जोर ७५ च्या शंभरांश आठ, म्हणजे ६ किलोंच्या भाराएवढा असतो. पायडलाचा दांडा १७ सेंटिमीटर लांब असल्यास पाय एका फेरीत सुमारे १.०७ मीटरांचे वर्तुळ कापतो. तेव्हा ५.४ मीटरांच्या पल्ल्यास पायडलावर सरासरी ३० किलोंचा भार द्यावा लागेल. ही सरासरी झाली; दांडा आडवा येतो त्या क्षणी तर तिच्या सुमारे दीडपट भार लागतो, म्हणजे ४५ किलोंहून अधिक. मुलाचे स्वतःचे वजनच ६०! तात्पर्य, तो बैठकीवर बसून ही सायकल चढवू शकणार नाही. त्यास पायडलावर उभे राहून, हँडल ओढून, झोकांड्या खात चढावे लागेल, आणि ताशी ८ किलोमीटरांच्या वेगाने त्याचे पाय मिनिटास जेमतेम २५ फेऱ्या करतील. पाव मैलाच्या आत तो उतरून सायकल ढकलू लागला, तर त्यात त्याच्या अंगाचा दोष कोणता?

आता त्याच मुलास त्याच चढावर शर्यतीची सायकल द्या. जुन्या पद्धतीच्या अशा सायकलीस पुढे लहान चक्र ३९ दातांचे व मागे सर्वांत मोठे २५ दातांचे असे. चाकाचा परिघ २.१ मीटर धरल्यास पल्ला सुमारे ३.३ मीटर होतो, सरासरी भार १८ किलोंवर येतो व फेऱ्या मिनिटास ४१ होतात. अलीकडे पुढे ३४ व मागे ३२ दातांची योजना सर्रास मिळते. तिने पल्ला २.२ मीटर, भार साडेबारा किलो आणि फेऱ्या मिनिटास ६० होतात. घाट तोच, मुलगा तोच, वेगही तोच. केवळ दातांच्या संख्येने पायावरील भार तिसांवरून साडेबारांवर उतरला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिअरामुळे श्रम वाचतात असे लोक म्हणतात. ते शब्दशः खरे नाही. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ठोकळमानाने ५०० मीटर चढावे लागते. ७५ किलोंचे ओझे एवढ्या उंचीवर नेण्यास जे कार्य करावयाचे ते साडेसदतीस हजार किलोग्रॅम-मीटर आहे, आणि कोणत्याही चक्राने त्यात एक कवडीची सूट मिळत नाही. निसर्गाचा हिशेब चोख आहे. गिअर करतो ते इतकेच की, तेच देणे मोठ्या हप्त्यांनी फेडावयाचे की लहान, हे आपल्या हाती देतो. मोठा हप्ता मांड्यांस व गुडघ्यांस जाचतो. लहान हप्ता श्वासावर व रक्ताभिसरणावर पडतो, आणि तो भार तासन्‌तास वाहण्यासाठीच देवाने आपले हृदय घडविले आहे. शेतकरी बांधवांस हप्त्यांचा हा भेद समजावून सांगावयास नको.

हे तत्त्व सायकलीबरोबर जन्मास आलेले नाही. घाटातील रस्ता सरळ वर न जाता वळणावळणांनी का जातो? अंतर वाढवून चढ सौम्य करावा म्हणून. वळण हाच रस्त्याचा गिअर होय. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. पुढे १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चालू झाली. त्या लोहमार्गाने सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट उंची गाठली, आणि त्यावर जेथे अत्यंत तीव्र चढ आहे तेथेही तो ३७ फुटांस १ फूट एवढाच ठेवावा लागला. तरीदेखील आजही कर्जतेस बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांस मागून जादा इंजिने जोडतात, व ती लोणावळ्यापर्यंत गाडी रेटीत नेतात. हजारो अश्वशक्तीच्या इंजिनास घाटापाशी मदत घेण्याची लाज वाटत नाही. मग चौदा वर्षांच्या मुलास दोन दात अधिक घेण्याची लाज का वाटावी?

परंतु ती वाटते, हे सत्य आहे. हलका गिअर म्हणजे दुबळ्याचा गिअर, अशी समजूत मुलांत फार दृढ आहे. आणि ती केवळ आपल्याच मुलांत आहे असेही नव्हे. फ्रान्स देशाची सुप्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली आंरी देग्रांज यांनी सुरू केली. हे गृहस्थ गिअर बदलण्याच्या यंत्राचे कट्टे विरोधक होते. असली यंत्रे उतारवयाच्या लोकांसाठी आहेत, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशा आशयाचे त्यांनी १९०२ सालीच लिहिले होते. १९१० साली ही शर्यत पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीच्या तुर्माले घाटातून नेण्यात आली. तरी स्वारांस घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून, उलटे फिरवून, त्याच्या दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीस लावावे लागे व माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप करावा लागे. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र त्या शर्यतीत वापरण्यास मोकळीक मिळाली ती १९३७ साली.

ह्याच काळात फ्रान्सातच सँ-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ राहत असत. ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनावाने ते लिहीत, आणि स्वतःचे एक सायकलविषयक मासिक चालवीत. शर्यत जिंकणे हे त्यांचे ध्येय नव्हते. सामान्य मनुष्याने डोंगर ओलांडून प्रवास करावा, हे होते. अनेक गिअरांचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला. १९३० साली ते वारले. त्यांचे म्हणणे शर्यतीच्या चालकांस पटावयास आणखी ७ वर्षे लागली. आज काय दिसते? जगातील अव्वल स्वार तीव्र घाटाच्या दिवशी मागे ३० पासून ३४ दातांपर्यंतची चक्रे निःसंकोच लावतात. ज्यांच्या मांड्यांत आपल्या दुप्पट बळ आहे त्यांनी जो मार्ग स्वीकारिला, तो दुबळेपणाचा म्हणून नाकारण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. परंतु राजा होण्यासाठीही प्रथम माथ्यावर पोहोचावे लागते.

असो. तत्त्वाची चर्चा पुरे. आता पालकांस उपयोगी पडेल असे बोलू.

प्रथम, गिअरांच्या संख्येस भुलू नये. ‘२१ गिअरांची सायकल’ असे दुकानदार मोठ्या दिमाखाने सांगतो. पुढे ३ व मागे ७ चक्रे, म्हणून २१. पण पुढची चक्रे ४२, ३४ व २४ दातांची आणि मागची १४ पासून २८ दातांपर्यंतची असली, तर ४२ वर २८, ३४ वर २२ आणि २४ वर १६ हे तिन्ही गिअर जवळजवळ एकच होत. तिहींचे प्रमाण दीडच्या आसपास येते. एकवीस ही मोजणी झाली, उपयोग नव्हे. दुकानात विचारावयाचा खरा प्रश्न एकच: पुढच्या सर्वांत लहान चक्रास दात किती, आणि मागच्या सर्वांत मोठ्यास किती? उत्तर मिळाले नाही तर स्वतः मोजावे. दात मोजण्यास पैसे पडत नाहीत.

दुसरे, दिसण्यावर जाऊ नये. बारीक टायरांची, वाकड्या हँडलाची शर्यतीची सायकल देखणी असते व हलकीही असते. तथापि शाळकरी वयाचा, सवय नसलेला मुलगा अथवा मुलगी वर सांगितलेल्या चढावर ताशी ६ किलोमीटरांहून वेगाने चढेल असे नाही. त्या वेगात मिनिटास ६० फेऱ्या ठेवावयाच्या तर पल्ला पावणेदोन मीटरांच्या आत हवा. शर्यतीच्या सायकलीचा ३४ वर ३२ चा पल्लाही २.२ मीटर आहे. आणि त्या ‘बोजड’ २१ गिअरवाल्या सायकलीचा २४ वर २८ चा पल्ला, चाकाचा परिघ सुमारे २.०५ मीटर धरून, पावणेदोन मीटर येतो! ती सायकल ५ किलोंनी जड असली, तर भार शेकडा ६–७ वाढेल. पण पल्ल्याने तो शेकडा २० कमी होईल. तेव्हा घाटात नवशिक्यास कोणती सायकल अधिक मानवेल, ह्याचा निवाडा त्रैराशिक येणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच करावा. हात बसल्यावर व पाय मुरल्यावर शर्यतीची सायकल खुशाल घ्यावी. परंतु तीही घेताना पुढे ५० व ३४ आणि मागे ११ पासून ३२ किंवा ३४ दातांपर्यंत, अशी पाहावी.

तिसरे, ज्यास रोज केवळ खाडीकाठच्या सपाट रस्त्याने शाळेस यावयाचे आहे, त्यास अनेक गिअरांची मुळीच गरज नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. आमच्या खाऱ्या हवेत साखळी व बारीक स्प्रिंगा लवकर गंजतात, पावसाळ्यात चिखल भरतो, आणि गिअराची सायकल नीट ठेवणे म्हणजे दर आठवड्यास पुसणे, तेल देणे, तारा ताणणे आले. ज्या घरी हे होणार नाही तेथे एकाच चक्राची साधी सायकल बरी. मात्र तिचा पल्ला जड वाटत असल्यास मागचे १८ दातांचे फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दातांचे बसवावे. २२ दातांनी पायावरील भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो, आणि समोरच्या वाऱ्यात त्याचा गुण त्याच दिवशी कळतो. साखळीस एखाददुसरी कडी जोडावी लागते, इतकेच. गिअरवाल्या सायकलीस मागे मोठे चक्र बसवावयाचे असेल, तर मात्र साखळी हलविणारे यंत्र तेवढे दात पेलते की नाही व साखळीची लांबी पुरते की नाही, हे जाणत्या कारागिरास आधी विचारावे. नाही तर ऐन घाटात साखळी अडकून यंत्र मोडते.

चौथे, अति तेथे माती हा न्याय येथेही लागू आहे. पल्ला फारच लहान केला तर पाय भिरभिर फिरतात, सायकल मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि वेग अगदी मंदावला की पुढचे चाक डगमगून तोल जातो. घाटात मिनिटास ६० ते ७० आणि सपाटीवर ८० ते ९० फेऱ्या, हा मध्यम मार्ग बहुतेकांस मानवतो. गिअर बदलावयाचा तो चढ सुरू होण्यापूर्वी. साखळीवर ताण आल्यावर खटका ओढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

आता विद्यार्थ्यांस दोन शब्द. शाळेच्या सायकल सहली निघतात तेव्हा पुढे गेलेल्या चौघांची स्तुती होते, आणि मागे राहिलेली मुले सायकल ढकलीत, मान खाली घालून माथ्यावर येतात. त्यांतील कित्येक पुन्हा सहलीस येत नाहीत. काही सायकलच सोडून देतात. आपल्या अंगी बळ नाही, असा त्यांनी आपल्याविषयी निकाल दिलेला असतो. वस्तुतः बळ नव्हे, दात कमी पडलेले असतात. वाढत्या वयात जड पल्ला रेटून गुडघे दुखावून घेणे हे शौर्य नव्हे. जो सहलीचा पुढारी असेल त्याने निघण्यापूर्वी आपल्या सोबत्यांच्या सायकलींचे दात मोजावेत, सर्वांत जड पल्ल्याची सायकल सर्वांत बळकट मुलास द्यावी, आणि सहल किती वेळात झाली हे पहिल्याच्या नव्हे तर शेवटच्या स्वाराच्या पोहोचण्यावरून ठरवावे. मुलींच्या बाबतीत तर हे विशेषच लक्षात ठेवावे. घरातील थोरल्या भावाची उंच व जड सायकल बहिणीच्या हाती द्यावयाची, आणि मग ‘मुलींस घाट झेपत नाही’ असे म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. चढ हलका करणे जितके महत्त्वाचे, तितकेच उतारावर ब्रेक शाबूत असणे महत्त्वाचे; माथ्यावर पोहोचल्याच्या आनंदात पुष्कळांस ह्याचा विसर पडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीस मनाई आहे. बोरघाट चढावयाचा तो जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून. घाटाची वाट इंग्रजांस ज्या धनगराने दाखविली असे लोक सांगतात, त्याचे हे स्थान होय. तेथे घटकाभर विसावा घ्यावा, पाणी प्यावे, ब्रेक पाहावे. तसेच आमच्या वडखळ–धरमतर रस्त्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या अवजड वाहनांची वर्दळ असते. तेथे झोकांड्या खात जाणारा स्वार संकटास आमंत्रण देतो. योग्य गिअरात बसून, सरळ रेषेत, बेताच्या चालीने जाणारा स्वार अधिक सुरक्षित असतो. आमच्या मते गिअर नीट निवडण्याचे हे कारण इतर सर्व कारणांहून मोठे आहे.

पालकहो, येत्या जूनमध्ये सायकल घ्यावयाची झाल्यास मुलास बरोबर न्या, आणि रंग त्यास निवडू द्या. दात मात्र तुम्ही मोजा; अथवा त्याहून बरे म्हणजे, त्यालाच मोजावयास लावा व भागाकार करून दाखव म्हणा. जो मुलगा आपल्या पायाचे बळ व समोरचा चढ यांचा मेळ कागदावर घालण्यास शिकला, त्यास कार्ले खिंड फार काळ अडविणार नाही.